दोऱ्यावरून नवरा

आमची नात गौरी परवा लग्नाच्या अंगठ्या बघायला मला सोबत घेऊन गेली. दुकानातल्या पोरानं मापाच्या कड्यांचा जुडगा पुढं केला, तिनं बोट घातलं, नवऱ्यामुलानं बोट घातलं, दोघांनी आपापला नंबर सांगितला आणि चहा यायच्या आत मापाचा विषय संपला. मग चकचकीत घ्यायची की बिनचकाकीची, यावर दोघं जी भांडायला लागली ती थांबेचनात. मी आपली एसीत पदर लपेटून बसले होते आणि मनात म्हणत होते, या पोरांना एकमेकांचं सगळं आधीच ठाऊक असतं. तो वाळूजच्या कंपनीत कुठल्या शिफ्टला आहे, भाजीतला कढीपत्ता बाजूला काढतो की खातो, रागावला की किती वेळ गप्प बसतो. मला माझ्या होणाऱ्या नवऱ्याचं काय ठाऊक होतं? एक मोजा. तोही फाटका. आणि पुढं एक दोरा.

मोज्याचं आधी सांगून टाकते. आम्ही तेव्हा मुकुंदवाडीला राहायचो. आजची मुकुंदवाडी नव्हे. घराच्या मागं रूळ, पुढं आमचं थोडंसं रान, आणि पॅसेंजर गेली की मडक्यांवरच्या झाकण्या थरथरायच्या. वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो आणि आईला माय. अण्णांची बहीण गंगूआत्या आमच्याकडंच राहायची, आणि घरात हुकूम तिचा चालायचा. पसंतीला पाहुणे आले त्या दिवशी तिनं मला दाराआड धरून दम भरला, "हे बघ वच्छे, मान वर करायची नाय. नजर पोह्याच्या बशीवर." एरवी मी कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हते. एका जागी बसणं मला जमायचं नाही, म्हणून आत्या मला भिंगरीच म्हणायची. पण त्या दिवशी नेमकी मी आज्ञाधारक झाले. अक्कल नको तिथं चालवायची आणि हवी तिथं गुंडाळून ठेवायची, ही कला मला उपजतच होती. पोहे दिले, नाव सांगितलं, मॅट्रिक झाल्याचं सांगितलं, आणि पाहिलं काय, तर करड्या रंगाचा एक मोजा आणि त्यातून डोकावणारा पायाचा अंगठा. तो अंगठा बिचारा लाजून पुन्हा आत जायची खटपट करत होता. पाहुणे गेल्यावर मायनं विचारलं, "कसा वाटला गं?" मी म्हणाले, "बरा आहे." मोज्याविषयी माणूस याहून जास्त काय बोलणार? पण त्या 'बरा आहे'वर घरात साखर वाटली गेली.

मुलगा पडेगावचा, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला. नाव रावसाहेब. हे स्थळ आणलं होतं मायच्या भावानं, शंकरमामानं. मामाही पडेगावचाच, आणि सायकलवरून आमच्याकडं येताना अख्ख्या शहराच्या बातम्या गोळा करत यायचा. साखरपुड्याला मुलीकडून जावयाला सोन्याची अंगठी करायची, हा रिवाज. बोटाचं माप मागायला सोनार जात नसे की मुलीचा बापही जात नसे. मध्यस्थानं जायचं, मुलाच्या उजव्या हाताच्या अनामिकेला दोरा गुंडाळायचा, गाठ मारायची आणि ते वेटोळं रुमालाच्या टोकात बांधून आणायचं.

ते दिवस कुरडयांचे होते. उन्हाळा असा तापलेला, की मांजरसुद्धा माठाखाली जाऊन निजायची. गव्हाचा चीक चुलीवर रटरटत होता, आत्या त्यात दोन्ही हातांनी दांडा फिरवत होती, आणि माय गच्चीवर जुन्या लुगड्यावर सोऱ्यातून कुरडया पाडत होती. मला कावळे हाकायला बसवलं होतं. म्हणजे बसायचं होतं. मी गच्चीवरून खाली, खालून वर, मध्येच गरम चीक वाटीत घेऊन गुळाबरोबर खायचा, जीभ पोळली की पुन्हा वर. अशात मामाची सायकल अंगणात आली. मामानं डोक्याचं उपरणं सोडून वारा घेतला, चिकाची वाटी संपवली, दुसरी मागितली आणि मग खिशातून रुमाल काढला.

"घ्या. जावयाचं माप."

आत्यानं दोरा हातात न घेता आधी नमस्कार केला, त्याला कुंकवाचं बोट लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवून दिला. मामा आणखी काहीतरी सांगणार होता, कारण "हां, आणि त्या सोनाराला सांगा" असं म्हणून त्यानं तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात चीक उतू जायला लागला, आत्या ओरडली, सगळे चुलीकडं धावले आणि मामाचं वाक्य तिथंच राहिलं. तिसरी वाटी खाऊन मामा निघून गेला.

दुपारी सगळ्यांनी पाठ टेकल्यावर मी देव्हाऱ्यापाशी गेले. म्हटलं, पाहू तर खरं. दोरा माझ्या अनामिकेत घातला, तो गर्रकन फिरला. अंगठ्यात घातला, तरी ढिला. दोन बोटं जोडून घातली, तेव्हा कुठं जरा बसला. अण्णा बाजेवर झोपले होते. नांगर धरून धरून त्यांची बोटं खुंट्यांसारखी झाली होती. हळूच त्यांच्या बोटात घालून बघितला, तर तिथंही लोंबायला लागला. मग मी घरातली एकेक वस्तू घेऊन माप लावत सुटले. सोऱ्याची मूठ फार जाड निघाली, फुंकणी त्याहून जाड. शेवटी लाटण्याच्या मुठीवर दोरा असा चपखल बसला, की जणू त्यासाठीच गाठ मारली होती.

म्हणजे माझ्या नवऱ्याचं बोट लाटण्याएवढं होतं.

आज हसू येतं, पण त्या दुपारी मी तिथंच भिंतीला टेकून बसले आणि त्या एका बोटावरून पुरा माणूस उभा केला. बोट एवढं, तर मनगट केवढं? मनगट तसलं, तर मान? मग आवाज आला, जाड, मडकी हलवणारा. मग जेवण आलं, एका बैठकीत भाकऱ्यांची चवड संपवणारं, आणि ती चवड थापणारी मी. नावसुद्धा रावसाहेब! किडकिडीत माणसाचं नाव कुणी रावसाहेब ठेवेल का? मोज्यातून अंगठा बाहेर का आला होता, तेही मला आता कळलं. मोजा फाटका नव्हता. त्या पायाला तो पुरलाच नव्हता. इतका पक्का पुरावा हाती आल्यावर मी तडक मायकडं गेले.

"मला हे लग्न नाही करायचं."

माय कुरडया उलटत होती. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. "बरा हाय म्हणली व्हतीस ना?"

"तेव्हा बोट पाहिलं नव्हतं."

"बोट? बोटासंगं नांदायचंय का तुला?"

"माय, ते लाटण्याएवढं आहे!"

"मग बरंच हाय की. पोळ्या तोच लाटील." ती एवढी हसली, की तिच्या हातातली कुरडई मोडली. आत्याला कळल्यावर तीही हसली, आणि शेजारच्या नसीमखालानं भिंतीवरून विचारलं, "क्या हुआ गे वच्छी? दूल्हा पसंद नै आया क्या?" तेव्हा आत्यानं तिलाही सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायका मला लाटणं दाखवायला लागल्या. माझं ऐकलं फक्त अण्णांनी. गोठ्यात म्हशीला पेंड कालवता कालवता ते खालच्या आवाजात म्हणाले, "सुपारी फुटंस्तोवर बोलता येतं पोरी. तवर तू नुस्तं 'नको' म्हण, म्होरचं मी बघतो. सुपारी फुटल्यावर मातर माझ्या हातात काय ऱ्हात नाय." तेवढं बोलून ते पुन्हा पेंड कालवायला लागले. त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. आणि दार उघडं असलं की भिंगरी जास्तच फिरते. करू की नको करू, करू की नको करू, असं माझं रुळावरच्या इंजिनासारखं मागं-पुढं सुरू झालं.

अंगठीसाठी सोनं वेगळं विकत आणायची ऐपत नव्हती. मायच्या कानात वरच्या बाजूला बुगड्या होत्या, तिच्या माहेरच्या. त्यातली एक मोडायची असं ठरलं होतं. सराफ्यात सोनारापुढं आम्ही तिघी बसलो. त्यानं दोरा सळईवर चढवून पाहिला, खाली सरकवला, आणखी खाली सरकवला आणि चष्म्यावरून आत्याकडं बघितलं. "आत्याबाई, हे बोटाचं माप हाय का मनगटाचं? एका बुगडीत नाय भागायचं." माय क्षणभर थांबली आणि मग तिनं दुसऱ्या कानाला हात घातला. भोकं बुजू नयेत म्हणून तिनं त्यांत कडुनिंबाच्या बारीक काड्या खोचल्या. परत येताना रिक्षात मला त्या काड्या सारख्या दिसत होत्या, आणि त्या माणसाच्या लठ्ठ बोटाचा जास्तच राग येत होता.

पण त्याआधी नक्षी निवडायची होती, आणि ती मी निवडली. खरं तर सोनारानं एक साधं, गोल, देखणं वळं दाखवलं होतं. मी म्हटलं, नको. कोपऱ्यात एक अंगठी होती, चौकोनी माथ्याची, त्यावर डोळे मिटलेला सूर्य आणि चहूबाजूंनी टोकेरी किरणं. इतकी बटबटीत वस्तू मी तोवर पाहिली नव्हती. "अशीच करा," मी म्हटलं. त्या राक्षसाला शोभेल अशी. सोनार म्हणाला, "बाई, किरणांत मळ बसतो, घासत बसावं लागंल." मी म्हटलं, "ज्याला घालायची तो घासेल."

पोरींनो, गौरीसकट सगळ्यांना सांगते. रागानं निवडलेली वस्तू घासायला शेवटी आपल्यालाच लागते.

साखरपुडा आमच्या अंगणात झाला. मांडवावर हिरवी लुगडी टाकून सावली केली होती, खाली सतरंज्या, मधोमध दोन पाट. आत्यानं सकाळपासून मला बजावलं होतं, "आज तरी हलू नको गं बाई. दगडागत बस." मी मान खाली घालून पाटावर बसले. शेजारच्या पाटावर कुणीतरी येऊन बसलं. मला दिसला पांढऱ्या पायजम्याचा गुडघा. तो काही फार मोठा नव्हता. पण मी स्वतःला बजावलं, वच्छे, गुडघ्यावर जाऊ नको, तुझ्याकडं दोरा आहे. समोरच्या ताटात हळदीकुंकू होतं, साखरेची पुडी होती, आणि सोनाराच्या गुलाबी कागदात ती अंगठी. सोनारानं मापाचा दोराही तिलाच बांधून परत दिला होता. पलीकडच्या ताटात सुपारी, आणि तिच्याशेजारी अडकित्ता. मी त्या अडकित्त्याकडं बघत होते. आता बोलू, आता बोलू, असं करत मी श्वास आत घ्यायचे आणि कुणीतरी मध्येच कुंकू लावायचं.

मामानं अंगठी उचलली, जावयाच्या बोटात घातली. गुरुजींनी अक्षता टाकल्या, कुणी म्हणालं, "वडीलधाऱ्यांच्या पाया पड." रावसाहेब पाया पडायला वाकले, हात खाली गेले, आणि अंगठी बोटातून निसटून सतरंजीवर पडली. एक उडी मारून ती अशी घरंगळली, की बघता बघता दिसेनाशी झाली.

मागं रुळावरून मालगाडी चालली होती तेवढाच आवाज. मग त्यांची आई, म्हणजे माझी होणारी सासू, हळू आवाजात पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शुभकार्यात सोनं हातातून पडावं, हे लक्षण काय बरं नाय." तिच्याकडचा एक म्हातारा म्हणाला, "सुपारी थांबवा जरा." माय पांढरीफटक पडली, तिचा हात आपोआप कानातल्या काडीकडं गेला. आणि सगळे वाकले. बाया, पुरुष, गुरुजी, आत्या, सगळे खाली बघत सतरंजी चाचपायला लागले.

मला मात्र शोधायची गरज नव्हती. अंगठी माझ्या लुगड्याच्या निऱ्यांखाली शिरून माझ्या तळपायाशी येऊन थांबली होती. सूर्याची किरणं टोचत होती. मी त्यावर पाय ठेवला आणि दगडागत बसले. आत्याचा हुकूम मी आयुष्यात दुसऱ्यांदा मानत होते. मनात म्हटलं, आता 'नको' म्हणायचीही गरज नाही. नुसतं बसून राहायचं. अपशकुन झालाय, पाहुणे उठतील, अण्णांना तोंड उघडावं लागणार नाही, आणि मग सावकाश कधीतरी ती अंगठी सापडेल. जन्मभर धावणाऱ्या पोरीला सुटका मिळणार होती ती न हलण्यातून.

सगळ्यांच्या माना खाली होत्या. तेव्हा मी मान वर केली. एवढ्या माणसांत कुणी कुणाकडं बघत नसण्याची ती एकच वेळ होती, आणि मी ठरवलं, बघून तर घेऊ ज्याला सोडतोय त्याला.

तो माझ्याकडं बघत होता.

काटकुळा, उन्हानं रापलेला, कान जरा बाहेर आलेला पोरगा. मान माझ्यापेक्षा बारीक. उजवा हात गुडघ्यावर होता आणि त्याच्या अनामिकेचं नख काळंनिळं, नुकतं बरं होत आलेलं. बोट लाटण्याएवढं सोडा, मामाच्या विडीएवढं असेल. त्यानं एकदा माझ्या निऱ्यांकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि मला लख्ख कळलं, की अंगठी कुठं गेली ते यानं पाहिलंय. आता हा बोलणार, आणि सगळ्यांसमोर मला उठावं लागणार.

तो पाटावरून उतरला, माझ्याकडं पाठ केली, आणि पार मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, तुळशीच्या कट्ट्यापाशी, जिथं अंगठी उडत गेली असती तरी पोचली नसती, तिथं गुडघ्यांवर बसून शोधायला लागला. "इकडं गेल्यागत वाटली," असंही म्हणाला. मग सगळी वऱ्हाडी मंडळी त्याच्यामागं तुळशीकडं गेली. पाटांपाशी मी एकटी उरले.

घरात इतके दिवस सगळे मला घाई करत होते, हसत होते, गप्प बसवत होते. विचार करायला जागा दिली ती त्या माणसानं, ज्याला मी लाटणं समजत होते. मी पाय जरा हलवला. मग पुन्हा टेकवला. खरं सांगते, तरीही मी थोडा वेळ घेतला. त्याची पाठ बघत बसले. सदऱ्याला खांद्यावर शिवण घातलेली होती, आणि तो तुळशीचं एकेक पान उचलून खाली बघत होता, अगदी मन लावून.

मी अंगठी काढून ताटात ठेवली आणि म्हटलं, "सापडली."

"कुठं व्हती?" आत्या ओरडली.

"इथंच."

सासू होणारी बाई अजून कपाळाला आठ्या घालून उभी होती. तेव्हा रावसाहेबच हात झटकत म्हणाले, "मामा, तुम्ही चिंधीवरनं माप घेतलं व्हतं ना? बोट प्रेसमधी सापडलं व्हतं तवा. त्यातनं चिंधीचं कमी केलं नाय का?"

मामानं कपाळावर हात मारला. "आरं देवा! चिंधी सोडून, उघड्या जखमेवर सोन्याचं माप घेणं बरं न्हवं म्हणलं, म्हणून वरूनच दोरा गुंडाळला. सोनाराला कमी करायला सांगा, एवढंच सांगायचं व्हतं. त्या चिकानं घात केला माझा!"

पहिली हसली माझी माय, मग नसीमखाला, मग एकेक करत सगळे. अपशकुन त्या हसण्यात विरघळला. पण अंगठी ढिली ती ढिलीच. कुणी म्हणालं, सोनाराकडून कापून आणू. माझ्यापुढं मायच्या कानातल्या काड्या होत्या. म्हटलं, कापलं तर कापलेल्या तुकड्यात तिची दुसरी बुगडी जाणार. मी गुलाबी कागदातला तो मापाचा दोरा उचलला, गाठ दातांनी सोडली, अंगठीच्या खालच्या बाजूला वेढ्यावर वेढा घट्ट गुंडाळला आणि, काय सुचलं देव जाणे, माझ्या हातानंच त्यांच्या बोटात सरकवली. आमच्याकडं तेव्हा मुलगी असलं काही करत नसे. आत्यानं तोंडाला पदर लावला. आता याच गोष्टीसाठी गौरी फोटोवाला बोलावणार आहे. अडकित्ता वाजला, सुपारी फुटली. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं आणि पेंड कालवून झाल्यावर पुसायचे तसे हात धोतराला पुसले.

ती अंगठी आम्ही कधीच लहान केली नाही. मशीनवर अंगठी घालायची नसते, बोट जातं. म्हणून कामावर निघताना ते ती माझ्या हातात द्यायचे आणि मी ती अंगठ्यात घालून भाकरी थापायचे. किरणांत पीठ बसायचं. मग रविवारी रिठ्याचं कोमट पाणी, मऊ ब्रश, मलमलचा तुकडा, आणि सोनाराची आठवण. दोरा काळा पडला की बदलायचा, वर मेण फिरवायचं. मधल्या वर्षांत यांच्या अंगावर मांस चढलं, दोऱ्याचे वेढे कमी होत गेले, आणि एक काळ असा आला, की दोऱ्याशिवायच अंगठी बसायची. तेव्हा मला उगीच चुकल्यासारखं व्हायचं. आता बोटं पुन्हा वाळत चाललीत. वेढे वाढताहेत. गौरी म्हणते, "आजी, दे ना इकडं, एका दिवसात साइझ कमी करून देतात." मी म्हणते, तू तुझं बघ.

गेल्या आठवड्यात जेवण झाल्यावर हे मोरीशी हात धूत होते. साबण, ओला दोरा, अंगठी सुटली. फरशीवर टणटण करत स्वयंपाकघरात आली आणि माझ्या पायाशी थांबली. मी पाय ठेवला. गौरी मोबाईलचा उजेड घेऊन रांगायला लागली. "आजोबा, कुठं गेली? पाहिलीत का?"

यांनी टॉवेलनं हात पुसले. एकदा माझ्या पायाकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं. गुडघे कुरकुरत खाली बसले आणि पार पलीकडं, फ्रिजखाली हात घालून म्हणाले, "इकडं गेल्यागत वाटली."

मी पाय उचलला नाही. म्हटलं, शोधू दे अजून थोडं.